येतो म्हणून न गेलेले अध्यक्ष

जावई कॉम्प्युटरमध्ये होता. म्हणजे सासरी तसं म्हणत. “आमचे जावई कॉम्प्युटरमध्ये असतात,” असं सासूबाई जिन्यात भेटेल त्याला सांगत, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे डब्यात पाय पोटाशी घेऊन बसलेला एक माणूस उभा राही. प्रत्यक्षात तो औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे नोकरीला होता आणि दुकानदारांची बिलं सरळ छापली जातायत की तिरकी, यावर लक्ष ठेवायचं हे त्याचं मुख्य काम होतं. मध्ये एकदा त्याने मालकांसाठी एक छोटी वेबसाइट केली होती. ती मालकांनी पाहिली नव्हती, पण जावयाने सासरी दाखवली होती. हा मोह त्याला आवरला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते आपल्या सोसायटीचे अध्यक्ष झाले होते. खात्यात असताना आयुष्यभर त्यांनी वरच्यांचे हुकूम खाली पोचवले. आता वरचं कुणी उरलं नव्हतं, फक्त खालचे होते, आणि त्या सुखात ते अगदी टवटवीत दिसत. एका रविवारी जेवण झाल्यावर हात पुसत ते म्हणाले, “जावईबापू, जिन्यातला सूचनांचा फळा काढून टाकतोय. शेजारच्या सोसायटीने वेबसाइट केली. आपली त्यांच्याहून चांगली पाहिजे. कराल ना?”

सासऱ्याच्या तोंडच्या “कराल ना” या शब्दांपुढे व्याकरणात प्रश्नचिन्ह असतं, व्यवहारात नसतं. जावई हो म्हणाला. बायको स्वयंपाकघरातून त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तिला बिलांचं सगळं माहीत होतं.

वेबसाइट झाली. अण्णांनी तिचं उद्घाटन जावयाच्याच घरी, त्याच्याच कॉम्प्युटरवर केलं. अध्यक्षांचं खातं उघडलं, पासवर्ड घातला. खाली एक चौकोन होता, त्याच्यापुढे ‘मला लक्षात ठेवा’ असं लिहिलेलं होतं. अण्णांनी त्यात अशी काही ठसठशीत खूण केली की जणू ते मतदानच करत होते. लक्षात राहायचं नसतं तर माणूस अध्यक्ष कशाला होईल, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो बिनतोड होता.

पहिली ठिणगी पडली ती एका बटणावरून. वेबसाइटवरचं काम संपलं की बाहेर पडायचं जे बटण असतं, त्यावर जावयाने ‘लॉगआउट’ असं लिहिलं होतं. ते पाहून अण्णांच्या घरी कमिटीची बैठक बसली. कमिटीत पोस्टमास्तर होते, ते निवृत्त. मुख्याध्यापिका बाई होत्या, त्याही निवृत्त. आणि वकीलसाहेब होते. ते निवृत्त नव्हते, त्यांच्याकडे फक्त पक्षकार नव्हते.

“बाकी सगळं मराठीत आणि हा एकच शब्द इंग्रजी?” बाईंनी लाल पेनाचं टोपण काढावं तशा आवाजात विचारलं.

“‘बाहेर पडा’ असं लिहू?” जावई म्हणाला.

“कुणाला म्हणताय?” पोस्टमास्तर ताठ झाले. “मी इथला मूळ सभासद आहे. पाया खणला तेव्हापासून. मला बाहेर पडा?”

“तसं नाही हो. मग ‘निर्गमन’?”

“आमच्या खात्यात ते सांडपाण्याला म्हणायचे,” अण्णा म्हणाले.

‘समाप्त’ या शब्दावर कुणीच काही बोललं नाही. कमिटीचं सरासरी वय पाहता ते योग्यच झालं. शेवटी जावई थकून म्हणाला, “मग सरळ ‘जातो’ लिहितो,” आणि तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या.

“जातो काय म्हणता भरल्या घरात? येतो म्हणावं.”

ठराव एकमताने मंजूर झाला. बाईंनी फक्त “आणि आम्ही काय करायचं?” अशी दुरुस्ती सुचवली, म्हणून बटणावर ‘येतो/येते’ असं आलं. वकीलसाहेब कपात बिस्किट बुडवत म्हणाले, “शब्द चांगला आहे, पण हेतू स्पष्ट होत नाही.” त्या वेळी त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. वकीलसाहेबांकडे लक्ष द्यायची तिथे पद्धत नव्हती.

पहिल्याच आठवड्यात निम्म्या सोसायटीने वेबसाइटवर येण्यासाठी ‘येतो’ दाबलं आणि काहीच होत नाही म्हणून अण्णांना फोन केले. त्यात लोकांचं काही चुकलं नव्हतं. येणारा माणूस येतो म्हणतो, जाणाराही येतो म्हणतो, आणि कॉम्प्युटरला चेहरा वाचता येत नाही. म्हणून आत शिरायच्या बटणाचं नाव ‘आलो/आले’ ठेवलं. आता आत येताना ‘आलो’ आणि बाहेर जाताना ‘येतो’. जावयाला वाटलं, सुटलो.

सोसायटीच्या ऑफिसात सर्वांसाठी म्हणून एक कॉम्प्युटर ठेवला होता. घरोघरी मोबाइल असूनही सगळे तिथेच येत, कारण तिथे पंखा होता आणि दुसऱ्याने काय लिहिलं ते खांद्यावरून वाचता येई. अण्णा सकाळी तिथे बसत, सूचना लिहीत, ‘येतो’ दाबत आणि चहाला वर जात. एका सकाळी ते गेल्यावर त्या खुर्चीत पोस्टमास्तर बसले. त्यांनी ‘आलो’ दाबलं. पासवर्ड विचारलाच गेला नाही. पोस्टमास्तरांना बरं वाटलं. मूळ सभासदाला ओळखण्याइतकी अक्कल या यंत्राला आहे, असं त्यांनी नंतर सर्वांना सांगितलंही. मग त्यांनी एका बोटाने तक्रार लिहिली. खाली सही वेबसाइट आपण होऊन करत असे, ज्याचं खातं उघडं असेल त्याची.

दुपारी सगळ्यांच्या मोबाइलवर सूचना झळकली: ‘टाकीत शेवाळं धरलं आहे. अध्यक्ष तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. असा नाकर्ता अध्यक्ष मी उभ्या जन्मात पाहिला नाही. कळावे. आपला, अध्यक्ष.’

जावयाचा फोन वाजला तेव्हा तो एका तिरक्या बिलाकडे मान वाकडी करून बघत होता.

“जावईबापू! तुमचं यंत्र माझ्या तोंडून मलाच शिव्या घालतंय!”

“अण्णा, तुम्ही लॉगआउट केलं होतं का? म्हणजे, येतो म्हणाला होतात का?”

“म्हणालो होतो! न म्हणता उठायला मी काय रागावलो होतो?”

जावयाने जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून आपलंच काम उघडून पाहिलं आणि डब्याचं झाकण परत लावलं. ‘येतो’ दाबलं की माणूस पहिल्या पानावर जात होता, एवढंच. आत शिरताना वेबसाइट प्रत्येकाला एक पास देते. तो पास जवळ असेतो तुमचं सेशन चालू, म्हणजे तुम्ही आत. जाताना तो पास काढून घ्यायचा असतो. जावयाने तो काढून घेतलाच नव्हता. अण्णा दारापर्यंत जात होते, येतो म्हणत होते आणि त्यांचा पास खुर्चीवर ठेवून चहाला जात होते. पुढे जो बसेल तो अध्यक्ष.

त्याने ऑफिसातल्या सहकाऱ्याला विचारलं. सहकारी म्हणाला, “सोपं आहे,” आणि चहा प्यायला गेला. मेहुण्याने फोनवर सांगितलं, “बंद करून चालू करून बघा, दाजी.” मेहुणा परगावी शिकायला होता आणि कुठल्याही प्रश्नावर, लग्न जुळवण्यापासून ते पोटदुखीपर्यंत, हाच सल्ला देई. शेवटी जावयाने स्वतःच डोकं चालवलं. ‘येतो’ दाबताच ब्राउझरने पास टाकून द्यावा, अशी व्यवस्था केली आणि अण्णांना कळवलं, “झालं. आता कुणी राहणार नाही मागे.”

दुसऱ्या सकाळी मुख्याध्यापिका बाईंनी अण्णांमागून त्या खुर्चीत बसून ‘आले’ दाबलं आणि लिहिलं: ‘जिन्यातला दिवा लावा, असं सांगून सांगून मी थकले. या माणसाला काही वाटतं की नाही? अध्यक्ष.’

‘मला लक्षात ठेवा’ हा चौकोन जावई विसरला होता. त्या चौकोनात खूण करणाऱ्याला वेबसाइट दुसरा एक पास देत होती, जास्त टिकाऊ, आणि अण्णा सोसायटीच्या कॉम्प्युटरवरही तिथे नेमाने मतदान करत होते. पहिला पास फेकला की दुसरा हजर होता. पण सोसायटीला पासाशी कर्तव्य नव्हतं. तिथे चर्चा ‘थकले’ या एका शब्दावर चालली होती. अध्यक्ष थकला असता तर ‘थकलो’ लिहिलं असतं. त्याअर्थी पडद्याआडून अध्यक्षांच्या मंडळीच लिहितात. भाजी घ्यायला खाली उतरलेल्या सासूबाईंचं दोन बायकांनी अभिनंदन केलं. “बरं झालं वहिनी, कुणीतरी बोललं त्यांना.”

त्या संध्याकाळी जावयाला सासूबाईंचा फोन आला. त्या सहसा मुलीला फोन करत. जावयाला थेट फोन म्हणजे मामला गंभीर होता.

“जावईबापू, एक सांगून ठेवते. यांच्यामागे अध्यक्षपद आहे म्हणून हे दिवसभर खाली असतात, आणि खाली असतात म्हणून आमचा संसार सुखाचा चाललाय. आता सर्वसाधारण सभा आलीय तोंडावर. वकील उभा राहतोय. तुमच्या त्या वेबसाइटपायी यांचं पद गेलं, तर मी यांना तुमच्याकडे पाठवणार.”

“चार दिवस राहायला? अवश्य.”

“राहायला. चार दिवस नव्हे. मुलीवर फार जीव आहे त्यांचा.”

जावयाने फोन ठेवला आणि आपल्या दोन खोल्यांकडे पाहिलं. एका खोलीत पलंग, दुसऱ्या खोलीत कॉम्प्युटर, आणि मधल्या दारात उभं राहिलं की सगळं घर एका नजरेत संपत होतं. अण्णा या घरात कायमचे आले तर कुठे मावतील, हा प्रश्न नव्हता. अण्णा कुठेही मावत. बाकीचे कुठे मावतील, हा प्रश्न होता. सासऱ्यांवर त्याचा राग नव्हता, पण रविवारी सकाळी त्यांनी नळ किती उघडावा यावर दिलेली व्याख्यानं त्याने ऐकली होती.

घाईत माणूस जे करतो ते त्याने केलं. सर्व्हरवर, म्हणजे वेबसाइट जिथे राहते त्या दूरच्या कॉम्प्युटरवर, जेवढी सेशनं साठलेली असतील तेवढी ‘येतो’ दाबताच पुसून टाकायची, असा हुकूम लिहिला. त्यात कुणाची सेशनं, हे लिहायचं राहिलं. मग घडलं ते असं, की कुणीही एकाने येतो म्हटलं की अख्खी सोसायटी बाहेर फेकली जाई. पोस्टमास्तर सकाळपासून टाकीवर विस्ताराने लिहीत होते. ‘तात्पर्य’ या शब्दापर्यंत आले होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी मोबाइलवर ‘येते’ दाबलं आणि पोस्टमास्तरांचं शेवाळं, टाकी, तात्पर्य सगळं गेलं. ते तसेच ऑफिसाबाहेर येऊन उभे राहिले.  मग बोलले, आणि ते जावयाच्या खानदानाबद्दल होतं.

ज्या कंपनीच्या सर्व्हरवर वेबसाइट ठेवली होती, तिथे जावयाने मदत मागितली. लगेच उत्तर आलं: ‘आपली तक्रार नोंदवून घेतली आहे.’ पाठोपाठ दुसरं: ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.’ त्याने फोन लावला.

“सर, आमच्याकडे तुमची तक्रार बंद दिसतेय,” मधाळ आवाज म्हणाला.

“पण माझा प्रश्न चालू आहे!”

“सर, प्रश्न चालू असू शकतो. तक्रार बंद आहे. तुम्ही नवीन तक्रार करू शकता.”

त्याने नवीन तक्रार केली. तीही तितक्याच तत्परतेने बंद झाली. सेशन बंद करता करता जीव मेटाकुटीला आलेल्या आपल्या जावयाला त्या कंपनीचा मनापासून हेवा वाटला.

तिसरा उपाय वेळेचा होता. काही मिनिटं कुणी कुठल्या पानावर गेलं नाही, तर वेबसाइटने आपण होऊन त्याला बाहेर काढावं. ऑफिसात बसून जावयाला हे फार सुरेख वाटलं. पण सोसायटीत लोक एकाच पानावर बसून एका बोटाने लिहीत, दोन शब्दांमध्ये चष्मा पुसत आणि वाक्याच्या मध्यावर शेजाऱ्याशी भांडून येत. सगळे बाहेर पडू लागले. बाईंना तर ‘महोदय’ लिहून झाल्यावर पुढे काही लिहिताच येईना. तीन उपाय झाले, आणि आता सोसायटीत त्याला ‘आपले जावई’ म्हणायचे ते ‘अण्णांचे जावई’ म्हणू लागले. हा फरक बारीक वाटतो, पण ज्याला लागतो त्याला लागतो.

आणि मग अण्णांचाच फोन आला. आवाज विलक्षण गोड होता.

“जावईबापू, होतं तसं करून टाका.”

“म्हणजे?”

“पहिल्यासारखं. लोक मला जिन्यात थांबवून हात जोडतायत. म्हणे, असा अध्यक्ष पाहिला नाही, स्वतःच्या चुका चारचौघांत मांडतो. बाई म्हणाल्या, याला मोठं मन लागतं. आता मी त्यांना काय सांगू, की ते मन तुमचंच आहे?”

“अण्णा, पण ते चूक आहे. कुणीही तुमच्या नावाने काहीही लिहील.”

“लिहू द्या. सभेपर्यंत राहू द्या तसंच.”

जावयाने तिन्ही उपाय काढून टाकले. इतक्या दिवसांत प्रथमच वेबसाइटबद्दल एकही तक्रार आली नाही, तेव्हाच त्याने सावध व्हायला हवं होतं. लोकांना आता कळलं होतं. अण्णा चहाला वर गेले की ऑफिसाबाहेर रांग लागे. आधी माणसं अध्यक्षांवरची टीका लिहून गेली. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की अध्यक्षाला नुसत्या शिव्याच देता येतात असं नाही, त्याच्याकडून शब्दही घेता येतो. ‘लिफ्ट नवी बसवणार. अध्यक्ष.’ ‘तळमजल्याच्या गॅलरीला जाळी सोसायटी लावून देणार. अध्यक्ष.’ ‘वरच्यांनी कपडे पिळून वाळत घालावेत, अन्यथा कारवाई. अध्यक्ष.’ त्याखाली लगेच: ‘कपडे कसेही वाळत घालण्यास माझी हरकत नाही. अध्यक्ष.’ एरवी जिन्यात एकमेकांना हसून नमस्कार करणारी, स्वतःच्या नावाने साधी सूचना करायलाही कचरणारी ही सज्जन माणसं, दुसऱ्याची सही मिळाल्याबरोबर अशी शूर झाली की विचारू नका. वकीलसाहेबही एकदा रांगेत दिसले. ते गेल्यावर सूचना आली: ‘मी आता थकलो आहे. वकीलसाहेबांसारख्या तडफदार माणसाकडे सूत्रे द्यावीत, असे माझे प्रांजळ मत आहे. अध्यक्ष.’

या वेळी ‘थकलो’ होतं. व्याकरणात कुठेही चूक नव्हती.

सभा गच्चीवर भरली. जावई मागच्या ओळीत बसला होता. बायकोने निघतानाच सांगितलं होतं, “तिथे तोंड उघडू नकोस.”

वकीलसाहेब उभे राहिले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. “लिफ्ट कधी बसतेय, अध्यक्ष महाराज?”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “ते मी लिहिलेलं नाही.”

“जाळीचं?”

“नाही.”

“शेवाळ्याबद्दल आपण जी चूक कबूल केलीत, ती तरी?”

अण्णांनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. पोस्टमास्तर आकाशाकडे पाहत होते. बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. ज्याच्या त्याच्या चपलेचा पट्टा एकाच वेळी सैल झाला होता. “नाही,” अण्णा हळूच म्हणाले, “तीही नाही.”

“मग ज्यांना आपल्या नावाने कोण लिहितं हेच माहीत नाही, त्यांच्या हाती आपण टाकीच्या किल्ल्या ठेवायच्या का?”

इथे जावयाला राहवलं नाही. तो उभा राहिला. “यात अण्णांचा दोष नाही! सेशन सर्व्हरवर नष्ट होत नव्हतं! येतो म्हटल्यावरही अण्णा आतच राहत होते!”

“म्हणजे,” वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, “कितीही येतो म्हटलं तरी अध्यक्ष खुर्ची सोडत नव्हते, असंच ना?”

गच्ची हसली. उभ्या आयुष्यात वकीलसाहेबांनी जिंकलेला तो बहुधा पहिला खटला असावा. हात वर झाले. ज्यांनी ज्यांनी अण्णांच्या नावाने लिहिलं होतं त्या सगळ्यांचे हात वर होते, आणि सर्वांत आधी पोस्टमास्तरांचा.  अण्णांनी खिशातून टाकीच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि खिसा उगाचच दोनदा चाचपला. जावयाला स्वतःच्या दोन खोल्यांची आठवण त्या क्षणी झाली नाही. त्याला म्हाताऱ्याचं फार वाईट वाटलं. खोल्यांची आठवण जिना उतरताना झाली.

सासूबाई शब्दाच्या पक्क्या होत्या. सभेच्या दुसऱ्याच दिवशी अण्णा बॅग, उशी आणि आपला चहाचा मग घेऊन दारात हजर झाले. आठवड्याभरात ते घर सोसायटी झालं. न्हाणीघराच्या दारावर कागद लागला: ‘नळ घट्ट बंद करावा. हुकमावरून.’ चपलांना जागा ठरली. जावयाने ओला टॉवेल खुर्चीवर टाकला तर त्याला तोंडी समज देण्यात आली. बायको म्हणाली, “बाबा आहेत माझे,” आणि तिसऱ्या समजेनंतर ती स्वतःही काम जास्त आहे म्हणून ऑफिसात थांबू लागली. जावई तिरक्या बिलांवर प्रेमाने रेंगाळू लागला.

सभेनंतर त्याने एक काम मात्र नेटाने केलं होतं. वेबसाइटचं काम नीट शिकून, ‘येतो’ म्हणताच ज्याचा त्याचा पास, दोन्ही प्रकारचे, सर्व्हरवरूनच रद्द होतील असं करून टाकलं. अध्यक्षांच्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि तो वकीलसाहेबांना दिला. आता कुणी मागे राहत नव्हतं. आणि सोसायटीच्या वेबसाइटवर कुणी काही लिहीतही नव्हतं, कारण आता ज्याने त्याने आपल्याच नावाने लिहायचं होतं.

एका संध्याकाळी तो घरी आला तर घर शांत होतं. कुणी समज दिली नाही. अण्णा कॉम्प्युटरपुढे पाठमोरे बसले होते आणि दोन बोटांनी, गुणगुणत, लिहीत होते. जावयाने मान उंच करून पाहिलं. ‘उद्या सकाळी टाकी धुण्यात येईल. सभासदांनी पाणी भरून ठेवावे. अध्यक्ष.’

“अण्णा! हे कसं? पासवर्ड बदललाय.”

“मला कुठे विचारतंय ते पासवर्ड? ‘आलो’ म्हटलं की घेतं आत.”

जावयाला उद्घाटन आठवलं. उद्घाटनाच्या दिवशी अण्णांनी याच कॉम्प्युटरवर ‘मला लक्षात ठेवा’ म्हणून खूण केली होती. पासवर्ड बदलला तरी आधी दिलेला पास तसाच चालत होता. तेवढं एक भोक जावयाने बुजवलं नव्हतं.

“तुम्ही त्या दिवशी ‘येतो’ दाबलं नाहीत?”

“मुलीच्या घरी कसला आलाय उपचार?” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या सकाळी सोसायटीची टाकी खरोखरच धुतली गेली. अध्यक्ष म्हणजे कोण, याची चौकशी करायची कुणालाच सवय उरली नव्हती. मग जिन्यातला दिवा लागला. वकीलसाहेबांनी एक सूचना काढावी आणि लगोलग अध्यक्षांनीच ती रद्द करावी, असं चाललं. शेवटी वकीलसाहेबांचा जावयाला फोन आला.

“अहो, माझ्या नावाने कुणीतरी लिहितंय! ताबडतोब बंद करा ते!”

जावयाने कॉम्प्युटर उघडला. सर्व्हरवर अध्यक्षांची दोन सेशनं दिसत होती. जुन्यावर एक टिचकी मारली की काम फत्ते होतं. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत अण्णा मुलीला सांगत होते, “छे, छे, आता मला घरी जायलाच हवं. एवढे हुकूम सोडलेत, ते पाळतायत की नाही हे खाली उभं राहून बघायला नको? तुझी आई काय बघणार!” आणि बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला. तो आवाज जावयाला फार गोड वाटला.

त्याने बोट मागे घेतलं. “आपली तक्रार नोंदवून घेतली आहे,” तो फोनवर मधाळ आवाजात म्हणाला.

“मग करताय ना?”

“आपली तक्रार बंद करण्यात आली आहे, वकीलसाहेब.”

फोन ठेवून त्याने त्या एका जुन्या सेशनची मुदतच काढून टाकली. जगबुडी झाली तरी ते आता संपणार नव्हतं. सेशन संपवता येत नाही म्हणून ज्याची लाज गेली होती, त्याने आयुष्यातलं सर्वांत चोख काम केलं ते सेशन जगवण्याचं.

दारात अण्णा चपला घालत होते. उशी बगलेत होती, बॅग हातात. जावई वाकून नमस्कार करता करता जवळजवळ हसलाच.

“येतो, जावईबापू.”

“या, या,” जावई मनापासून म्हणाला. दार लावून तो खोलीत आला, तर बायको टेबलाजवळ उभी होती. चहाचा मग तिथेच होता.

“हा मग विसरले ते,” जावई म्हणाला.

“विसरले नाहीत. ठेवलाय.” ती खुर्चीवर बसली. “अरे, त्यांचं ते अध्यक्षपद फक्त याच कॉम्प्युटरवर चालतं ना?”

सकाळी घंटा वाजली. जावई तोंडात ब्रश घेऊन दारापर्यंत पोचला, तोवर बाहेरून खणखणीत आवाज आला, “आलो!”

पासवर्ड विचारायची सोय नव्हती. त्याने दार उघडलं.